शेजारची बाई

(चादरी धुऊन देणाऱ्या दुकानामागची खोली. एकाच घरातल्या दोन जावा. थोरलीचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन दोन वर्षं उलटली आहेत.)

धाकटी : ठेवा ती बादली खाली. ताई, ठेवा म्हणते ना.

थोरली : अर्धीच आहे गं.

धाकटी : अर्धी असू दे नाहीतर पाव. त्या हाताने काही उचलायचं नाही, असं ठरलंय आपलं.

थोरली : तुझं ठरलंय. मी नुसती मान डोलवत आलेय.

धाकटी : डोलवलीत म्हणून तर दोन वर्षं नीट गेली.

थोरली : नीट? न्हाणीघरात पाय काय घसरला आणि मनगट काडीसारखं मोडलं, आत्ता कुठे प्लास्टर निघालंय. फोटो बघून डॉक्टर म्हणाले, हाडं पार विरलीत. कॅन्सरच्या गोळ्यांनी थोडी, आणि बसून राहून, न खाऊन बाकीची.

धाकटी : म्हणूनच जपायचं ना.

थोरली : त्यांनी उलटं सांगितलंय. वजनं उचला म्हणाले. हॉस्पिटलच्या मागे व्यायामाचा हॉल आहे, आज दुपारचं बोलावलंय. लॉजचा माल टेम्पोत चढला की निघायचं.

धाकटी : ऑपरेशन झालेल्या बाईला वजनं उचलायला लावतात? कुठले डॉक्टर हे?

थोरली : ज्यांनी कापलं तेच.

धाकटी : बरं, जायचंच असेल तर मी येते बरोबर. आधी हा रस घ्या.

थोरली : हिरवा?

धाकटी : रोजचाच.

थोरली : रोजचाच हिरवा. काल स्वप्नात मी उकडलेलं अंडं सोलत होते. सोलून झालं, मीठ लावलं, आणि तू दारात उभी.

धाकटी : हसा तुम्ही. अंडं, दूध, मासे, गोड, सगळ्यावर तो आजार पोसतो. आपण जेवलो की तोही जेवतो. त्याला उपाशी ठेवायचं.

थोरली : हे त्या मोबाईलमधल्या दाढीवाल्याचं ना?

धाकटी : त्यांचं ऐकून किती बायका बऱ्या झाल्या. स्वतःच्या तोंडाने सांगतात त्या.

थोरली : ज्या बऱ्या झाल्या नाहीत त्या कुठे येऊन सांगणार? बाई, त्याला उपाशी ठेवता ठेवता मीच आटोपेन.

धाकटी : मीही घेतेच की तुमच्याबरोबर. आटोपले का?

थोरली : तू कशाला घेतेस हे मला आजवर कळलं नाही.

धाकटी : सोबत म्हणून. एकट्या माणसाला पथ्य जड जातं.

थोरली : कपडे लोंबतायत तुझ्या अंगावर. सोबत जरा जास्तच झाली.

धाकटी : आत घालून घेईन शिवण. घ्या, एका दमात. ... ताई, एक विचारू?

थोरली : विचार.

धाकटी : तुम्हाला ती गाठ पहिल्यांदा हाताला लागली, तेव्हा दुखत होती?

थोरली : छे. दुखली असती तर लवकर गेले असते. आज कुठून आठवलं हे?

धाकटी : असंच. चला, टेम्पोचा हॉर्न वाजला.

*

मॅडम : चपला तिथे कोपऱ्यात काढा. मी इथली फिजिओथेरपिस्ट. काकू, पेशंट तुम्ही ना? आणि या?

थोरली : माझी धाकटी जाऊ. माझा पहारा.

मॅडम : पहाऱ्यालाही खुर्ची आहे, बसा. काकू, दोन्ही हात समोरून वर घ्या बघू. ऑपरेशनच्या बाजूचा कुठे अडतोय?

थोरली : इथे. कानाला लागत नाही.

मॅडम : दोन वर्षांत कोणी व्यायाम दिलाच नाही?

थोरली : दिला होता सुरुवातीला. घरी गेल्यावर हा हात काचेचा झाला.

धाकटी : सूज येते हो मॅडम त्या हाताला. वॉर्डात एकीचा हात खांबासारखा झालेला पाहिलाय मी.

मॅडम : येऊ शकते, खरं आहे तुमचं. म्हणून पहिल्याच दिवशी पोतं नाही उचलायचं. आज हे एवढंसं, पाण्याच्या लहान बाटलीइतकं. झेपलं की वाढवू. हात जड वाटला, घड्याळाचा पट्टा रुतायला लागला, की मला सांगायचं. दडवायचं नाही. पण नुसता ठेवून दिलेला हात काही सुखरूप राहत नसतो, तो गळून जातो.

धाकटी : आणि वजनं उचलली म्हणून आजार परत यायचा नाही, असं लिहून द्याल?

मॅडम : नाही देणार. तसं कुणीच देऊ शकत नाही. हाडं आणि स्नायू टिकले तर काकू धडपडणार नाहीत, जिना चढतील, कामाला लागतील. आणि पुढे काही वाढून ठेवलेलं असलंच, तर त्याला तोंड द्यायला अंगात काहीतरी शिल्लक असेल. एवढंच माझं म्हणणं.

थोरली : सरळ बोलतात या. बरं वाटलं.

मॅडम : जेवणात काय असतं?

थोरली : हिला विचारा. स्वयंपाकघराच्या किल्ल्या तिच्याकडे.

धाकटी : हिरवा रस. फळं. उकडलेल्या भाज्या, बिनमिठाच्या.

मॅडम : डाळ? दही? अंडी, मासे?

धाकटी : त्याने वाढतं ते.

मॅडम : उपाशी राहिल्याने आजार उपाशी राहत नाही हो. त्याला लागतं ते तो अंगातून ओढून घेतो. उपाशी राहतो तो माणूस. काकूंचे दंड बघा, पकडायला मांस नाही. या वजन उचलणार, तर ते भरून यायला रोज नीट खायला हवं. गोड फार नको, तळकट फार नको, ते मीही सांगेन. पण डाळ, दही, अंडं, यांना घाबरायचं काही कारण नाही.

धाकटी : तुम्ही वयाने लहान आहात अजून.

मॅडम : आहे खरी. काकू, त्या टोकाच्या सायकलवर बसा. पाय हळूहळू मारा, मी आलेच. ... तुम्हीही एक वजन धरून बघा ना. घरी दोघींना मिळून करता येईल.

धाकटी : मला काय झालंय?

मॅडम : काही झालेलं नसतं तेव्हाच सोपं जातं. नुसते हात वर करा, रिकामे.

धाकटी : नको, राहू द्या. बाह्या ओढल्या जातात. ... मॅडम, त्यांना तिकडे ऐकू जात नाही ना?

मॅडम : सायकल केवढी खडखडते. नाही जात. बोला.

धाकटी : आमच्या शेजारी एक बाई आहे. तिला छातीत गाठ लागते. लहानच आहे. म्हणजे, लहान होती. पथ्याने जिरते का अशी?

मॅडम : कधीपासून आहे?

धाकटी : मागच्या उन्हाळ्याच्या आधीपासून. असं ती म्हणते.

मॅडम : कातडी ओढल्यासारखी झालीय? काखेत काही लागतं?

धाकटी : मी कुठे बघितलंय. ... काखेतही आहे म्हणते.

मॅडम : उद्या सकाळीच पाठवा तिला. पुष्कळ गाठी साध्या निघतात, पण तपासल्याशिवाय कुणाला कळणार? आणि पथ्याने जिरेल या आशेवर तर मुळीच थांबायचं नाही.

धाकटी : भित्री आहे फार.

मॅडम : मग हात धरून आणा. काकूंचं एवढं सगळं केलंत. तुम्हाला तर इथली वाट पाठ आहे.

धाकटी : पाठ आहे, हेच तर... बरं. सांगते तिला.

*

मॅडम : पाठ ताठ, श्वास सोडत उचला. हां. आता खाली ठेवा, टाकायचं नाही. काकू, पहिल्या दिवशी याच्या निम्म्याने हात थरथरत होता तुमचा.

थोरली : काल भिजलेली चादर मशीनमधून काढून गच्चीवर नेली, मी एकटीने. इस्त्रीवाला इस्त्री तशीच ठेवून बघत राहिला. चादर करपली एक.

मॅडम : आणि हात?

थोरली : घड्याळाचा पट्टा ढिलाच आहे. सूज नाही.

मॅडम : जेवण?

थोरली : वाटीभर घट्ट डाळ, अंडी, संध्याकाळी दही. माझं मीच करून घेते आता. ही दारात उभी राहून बघते, अडवत नाही. तेच मला खटकतं. भांडली असती तर जिवाला बरं वाटलं असतं.

मॅडम : हल्ली येत नाहीत त्या तुमच्याबरोबर.

थोरली : दमते म्हणते. रस मात्र दोन्ही वेळा घेते, माझ्या वाटणीचासुद्धा. बोलायला गेलं की कामाचं निमित्त काढून उठते.

मॅडम : हां, बरी आठवण झाली. तुमच्या त्या शेजारणीचं काय झालं? मी तपासणीच्या खिडकीवर सांगून ठेवलं होतं, पण कुणी आलंच नाही.

थोरली : कोणती शेजारीण?

मॅडम : ती गाठवाली. तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या.

थोरली : आमच्या एका बाजूला पिठाची गिरणी आहे. दुसऱ्या बाजूला गोदाम, त्याला बाहेरून कुलूप असतं.

मॅडम : मागच्या अंगाला कोणी?

थोरली : मागे नाला. ... काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांगा मला.

मॅडम : काकू, बसा आधी.

थोरली : उभीच बरी आहे मी. सांगा.

मॅडम : उन्हाळ्याच्या आधीपासून आहे म्हणाल्या. काखेतही आहे म्हणाल्या. आणि ती बाई भित्री आहे म्हणाल्या.

थोरली : दुपारी पाठ टेकते ती घरात, तर डाव्या कुशीवर वळत नाही. मला वाटायचं, खिडकीतून ऊन येतं तोंडावर म्हणून. गाठोडंसुद्धा कमरेच्या उजव्या अंगाला घेते. आणि तो डावा हात असा, मोडक्या पंखासारखा, अंगाशी धरून चालते. तसा मी धरायचे.

मॅडम : कदाचित खरंच दुसरं कुणी असेल. ओळखीचं, लांबचं.

थोरली : तुम्ही सरळ बोलता म्हणून तुमच्याकडे येते मी.

मॅडम : ... नाही. मलाही वाटत नाही दुसरं कुणी असेल.

थोरली : माझी पिशवी द्या. आज एवढंच.

*

थोरली : ही मोठी चादर आहे, दोघी मिळून टाकू. ते टोक घे.

धाकटी : तुम्ही एवढ्या उन्हाच्या गच्चीवर कशाला आलात? आत्ताच तर हॉलवरून आलात ना?

थोरली : टोक घे म्हणते.

धाकटी : घेतलं.

थोरली : दोन्ही हातांनी.

धाकटी : होतंय एका हाताने.

थोरली : भिजलेली चादर कधी एका हाताने झालीय? या धंद्यात केस पिकले आपले. डावा हात वर कर.

धाकटी : चमक भरलीय त्यात.

थोरली : मीही सगळ्यांना हेच सांगत होते. चमक भरलीय.

धाकटी : चादर खाली लागतेय, ताई.

थोरली : लागू दे. परत धुऊ. शेजारणीचं नाव काय?

धाकटी : कोणत्या?

थोरली : जिला तू हात धरून तपासायला नेणार होतीस.

धाकटी : ... हळू बोला. हे खालीच आहेत, टेम्पो धुतायत.

थोरली : भावजींना माहीत नाही?

धाकटी : कुणालाच नाही.

थोरली : इकडे ये, चादरींच्या आत. इथे कुणाला दिसत नाही. दाखव.

धाकटी : हात गार आहे तुमचा.

थोरली : इथे?

धाकटी : जरा खाली. ... हां.

थोरली : आणि काखेत. अगं, हे केवढं... किती दिवस ही अंगावर वागवत होतीस तू?

धाकटी : आधी वाटाण्याएवढी होती. तुमच्या सलाईनच्या फेऱ्या संपल्या, डोक्यावर बोटभर केस आले, त्याच सुमारास लागली हाताला. घर आत्ता कुठे श्वास घेत होतं. मग सांगायचं तरी कुणाला?

थोरली : मला. दुसरं कोण आहे? मी जिवंत उभी आहे ना तुझ्यासमोर. माझ्याकडे बघून तरी गेली असतीस.

धाकटी : तुमच्याकडे बघूनच नाही गेले. ताई, तुम्ही पडून होतात. पडलेल्याला स्वतःचं दिसत नाही. मी बघत होते. उलट्या मी काढल्या, जखमेची नळी मी धरून बसायचे. तापात तुम्ही काय बोलायचात ते तुम्हाला आठवतं?

थोरली : नाही.

धाकटी : मला आठवतं. सोड म्हणायचात. बास झालं, सोड मला आता. रोज. मी तुमचे पाय दाबत बसायचे आणि ऐकायचे. तेव्हाच मनाशी ठरलं माझं. काहीही होवो, हे मला नको. मग मोबाईलवर ते सापडले. कापायचं नाही, टोचायचं नाही म्हणाले, खाणं बदला फक्त. एवढं सोपं मला कुणीच काही सांगितलं नव्हतं.

थोरली : आणि माझं पथ्य?

धाकटी : तुमचंही भलं व्हावं, हे खोटं नाही. पण एकटीने सुरू केलं असतं, तर घरात सगळ्यांनी विचारलं असतं. तुमच्या ताटाआड माझं ताट दडलं.

थोरली : माझं मनगट त्यात गेलं.

धाकटी : माहीत आहे. तुम्ही न्हाणीघरात पडलात, मी तुम्हाला उचललं, तेव्हाच कळलं मला. अंगाला भारच नव्हता तुमच्या. वाटलं, हे काहीतरी चुकतंय. तरी सुटेना. रस सोडला तर मग माझ्या हातात उरलं काय?

थोरली : आधीएवढीच आहे की वाढतेय?

धाकटी : तुम्हाला नाही का कळली? आता हात लावलात ना.

थोरली : कळली.

धाकटी : मग कशाला विचारता?

थोरली : चल.

धाकटी : आत्ता? हा नर्सिंग होमचा माल आहे. संध्याकाळी न्यायला येतील.

थोरली : ओला नेतील. भावजींना मी सांगते, टेम्पो काढायला लावते.

धाकटी : रागावलात?

थोरली : फार. ते नंतर बघू. आता कठडा धर आणि जिना उतर.

*

मॅडम : पाय थोडे फाकवून ठेवा. हात समोर. आता खुर्चीला न धरता उठा. ... बसा, बसा. दम घ्या. घाई नाही.

धाकटी : लहान पोरंसुद्धा उठतात खुर्चीवरून.

मॅडम : लहान पोरांना उद्यापासून सलाईन लागणार नसते. स्पष्टच सांगते. गाठ लहान व्हावी म्हणून आधी औषध देणार आहेत, ऑपरेशन मागाहून. पण औषध कडक आहे, आणि तुमच्या अंगात त्याने घेण्यासारखं काही उरलेलं नाही. वजन भरेपर्यंत थांबू म्हणावं तर तेवढा वेळ नाही. म्हणून औषधही चालू राहील, आणि खाणं आणि हे उठणं-बसणंही.

धाकटी : अन्न घशाखाली उतरणार नाही तेव्हा. मला माहीत आहे कसं असतं ते.

थोरली : घोटघोट देईन. तू मला नव्हता का पाजलास? तो हिरवा चिखल.

धाकटी : ताई.

थोरली : बरं, नाही काढत विषय.

मॅडम : ज्या दिवशी अंग उचलणार नाही त्या दिवशी एकदाच उठायचं. पण उठायचं. मी पलीकडच्या आजींना ट्रेडमिलच्या पट्ट्यावर चालायला लावून येते, तोवर थांबा.

धाकटी : ... ताई, परवा तुम्ही होतात ना आत? मोठ्या डॉक्टरांसमोर?

थोरली : होते की. तुझ्यामागेच उभी होते.

धाकटी : तुमच्या वेळी मी तुमच्यामागे उभी होते. तुम्ही विचारलं होतंत, मी बरी होईन का. ते म्हणाले, व्हाल. वेळ लागेल, पण व्हाल.

थोरली : हो.

धाकटी : मी परवा तेच विचारलं. ते कागद बघत राहिले. मग म्हणाले, आपण बघू या.

थोरली : ऐकलं मी.

धाकटी : बाहेर आल्यावर यांनी चहा पाजला मला, भरपूर साखर घालून. म्हणाले, डॉक्टर लोक असंच बोलतात, त्यात काही नसतं. ... ताई, फरक आहे ना दोन्हीत?

थोरली : आहे.

धाकटी : बरं झालं. मला वाटलं, तुम्हीही चहाच पाजाल.

थोरली : ऊठ आता. टाचा घट्ट टेकव.

धाकटी : धरा मला.

थोरली : धरत नाही. इथेच उभी आहे.